परदेशात शिकणाऱ्या मुलांचा मेडिक्लेम परत परत का अडकतो, आणि तो कसा सोडवायचा

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडची बरीच मुलं आता अमेरिकेत, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात शिकतात. त्यांच्या घरून येणारी एक तक्रार मी सतत ऐकते. मुलगा आजारी पडला, दवाखान्यात गेला, विमा होता, तरी बिल त्याच्याच नावावर आलं. विमा कंपनीला कागद पाठवले. महिन्याभराने तेच बिल पुन्हा आलं. पुन्हा तेच कागद पाठवले, पुन्हा तेच उत्तर. इकडे आई-वडिलांना झोप नाही. कुडाळची एक आई मला म्हणाली होती, "पैसे भरूचे की थांबूचा, इतक्याच सांग."

मी रत्नागिरीत विमा आणि बँकेच्या कागदपत्रांचं काम करते. अशी प्रकरणं हाताळून माझं एक मत पक्कं झालंय: यातले बरेचसे क्लेम नाकारलेले नसतातच. ते एखाद्या प्रश्नाच्या उत्तरासाठी अडकून पडलेले असतात, आणि तो प्रश्न कुणी वाचलेलाच नसतो. अख्खी फाईल पुन्हा पाठवली तरी त्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नसतं, म्हणून क्लेम तिथेच राहतो. त्यामुळे काहीही पाठवण्याआधी तो नेमका कुठे अडलाय ते शोधा.

शोधायचं मुलाने. अमेरिकेत अठरा वर्षांवरच्या माणसाच्या उपचाराची माहिती विमा कंपनी किंवा दवाखाना त्याच्या संमतीशिवाय आई-वडिलांनाही देत नाही. पैसे तुम्ही भरले असलेत तरी नाही. फोनवरची बाई "मी बोलू शकत नाही" म्हणते तेव्हा ती उद्धटपणा करत नसते, कायदा पाळत असते. यावर दोन उपाय आहेत. मुलाने कंपनीच्या वेबसाईटवरून संमतीचा फॉर्म भरून त्यात तुमचं नाव घालायचं. किंवा मुलाने स्वतः फोन लावायचा, ओळख पटवायची, तोंडी परवानगी द्यायची आणि तुम्हाला त्या कॉलमध्ये घ्यायचं. आपल्याकडे संध्याकाळी साडेसात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळचे नऊ किंवा दहा झालेले असतात, म्हणजे कचेऱ्या उघडलेल्या असतात. रात्री दोन वाजेपर्यंत जागायची गरज नाही.

आधी अमेरिकेचं सविस्तर सांगते, कारण गोंधळ तिथे सर्वांत जास्त.

ईओबी वाचायला शिका

प्रत्येक भेटीनंतर विमा कंपनी एक कागद काढते, एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स. सगळे त्याला ईओबी म्हणतात. हे बिल नाही, आणि तसं त्यावर छापलेलंही असतं. पण घरी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो येतो, आकडा दिसतो आणि सगळे हादरतात. तो कागद असा वाचायचा. समजा मुलीला ताप होता, ती अर्जंट केअरमध्ये गेली आणि दवाखान्याने ४०० डॉलर लावले. हा पहिला रकाना. दुसऱ्या रकान्यात विमा कंपनीशी ठरलेला दर असतो, समजा १८०. दवाखाना कंपनीच्या यादीतला, म्हणजे 'इन-नेटवर्क' असेल तर वरचे २२० तिथेच रद्द होतात, ते कुणीच भरायचे नसतात. आता १८० पैकी डिडक्टिबलचे, म्हणजे वर्षात आधी स्वतः सोसायच्या रकमेचे १०० शिल्लक असतील, तर ते मुलीने भरायचे. उरलेल्या ८० वर तिचा वाटा २० टक्के असेल तर १६. एकूण मुलीचे ११६ आणि कंपनीचे ६४. दवाखान्याचं बिल ११६ चं आलं तर सगळं ठीक आहे, क्लेम पास झालेला आहे. तक्रार करण्यासारखं काही नाही, पैसे भरून मोकळं व्हा. "विमा असून शंभर डॉलर का?" याचं उत्तर पॉलिसीत आहे, क्लेमच्या चुकीत नाही.

पण कंपनीच्या रकान्यात शून्य असेल तर नजर खाली न्या. प्रत्येक ओळीसमोर एक छोटा कोड असतो आणि कागदाच्या तळाशी त्या कोडचा अर्थ छापलेला असतो. तुम्हाला हवी ती ओळ हीच. फोटो काढताना मुलं नेमका तळ कापतात, म्हणून पूर्ण पीडीएफ मागवा.

"सदस्याकडून माहिती हवी आहे"

हे कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त येतं. कंपनीने एक पत्र पाठवलेलं असतं: तुमचा दुसरा कुठला विमा आहे का? असेल तर आधी कुणी पैसे द्यायचे ते ठरवायचं असतं. उत्तर येईपर्यंत क्लेम बाजूला ठेवला जातो. हाड मोडलं, पाय मुरगळला, पाठ दुखावली असेल तर दुसरं पत्र येतं: हे कसं झालं? गाडीच्या अपघातात, कामावर, की खेळताना? कारण तसं असेल तर पैसे देण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाची असू शकते.

ही पत्रं मुलांना मिळतच नाहीत. पहिल्या वर्षी हॉस्टेलचा पत्ता, दुसऱ्या वर्षी चौघांत घेतलेलं घर, आणि कंपनीकडे पत्ता जुनाच. शिवाय आपल्याकडच्या मुलांचा घोळ असा, की जाताना इथूनही एक पॉलिसी काढून दिलेली असते आणि विद्यापीठाचीही असते. मग दुसऱ्या विम्याच्या प्रश्नाला काय लिहायचं हे कळत नाही, म्हणून उत्तरच दिलं जात नाही. खरं ते लिहा. इथली पॉलिसी चालू असेल तर "हो" लिहून तिचा नंबर आणि मुदत द्या, संपली असेल तर संपल्याची तारीख द्या. हे उत्तर बहुतेक ठिकाणी लॉगिन करून किंवा फोनवर दहा मिनिटांत देता येतं. उत्तर दिल्यावर "आता अडकलेले सगळे क्लेम पुन्हा तपासायला घ्या" असं स्पष्ट सांगायचं, आणि कॉलचा संदर्भ क्रमांक लिहून घ्यायचा.

मागच्या वर्षीचं कार्ड

विद्यापीठाची पॉलिसी साधारण ऑगस्टमध्ये नवी होते. कधी ग्रुप नंबर बदलतो, कधी कंपनीच बदलते. मूल सप्टेंबरमध्ये दवाखान्यात जातं आणि पाकिटातलं जुनं कार्ड पुढे करतं. दवाखाना जुन्या नंबरावर क्लेम पाठवतो, उत्तर येतं "त्या तारखेला विमा नव्हता", आणि पूर्ण बिल मुलाच्या नावावर पडतं. इकडे नेमके गणपतीचे दिवस, घर माणसांनी भरलेलं, आणि त्यात हा फोन. घाबरू नका, यावरचा उपाय सगळ्यात सोपा आहे. विमा कंपनीला नाही, दवाखान्याच्या बिलिंग विभागाला फोन करायचा, नव्या कार्डाच्या दोन्ही बाजू पाठवायच्या आणि सांगायचं, "या तारखेचा क्लेम या नंबरावर पुन्हा पाठवा." मात्र क्लेम पाठवायला मुदत असते, म्हणून सेमिस्टर संपण्याची वाट बघू नका.

नाव आणि जन्मतारीख

आपल्या नावात वडिलांचं नाव मधे असतं. भारतीय पासपोर्टवर मधल्या नावाचा वेगळा रकाना नाही, म्हणून 'सई प्रकाश' हे पूर्ण पहिलं नाव होतं आणि 'नार्वेकर' आडनाव. विद्यापीठ 'सई प्रकाश नार्वेकर' नोंदवतं, दवाखान्याच्या खिडकीवर मुलगी 'सई नार्वेकर' सांगते, प्रयोगशाळेच्या नळीवर 'प्रकाश नार्वेकर' छापलं जातं. संगणकाला या तीन वेगळ्या व्यक्ती वाटतात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) येतं आणि गुंता आणखी वाढतो. जन्मतारखेचंही तेच. ४ जुलै आपण ०४/०७ लिहितो, तिकडे ती ७ एप्रिल होते. बारा तारखेपर्यंत जन्मलेल्या जवळपास प्रत्येक मुलाला हा धोका आहे. त्यामुळे मुलांना सांगा: दवाखान्यात नाव तोंडी सांगू नका, विम्याचं कार्ड द्या आणि त्यावर आहे तसंच लिहायला लावा. तारखेत महिना अक्षरांत लिहा.

चुकीचं बिल

मुलाने जागेवर पैसे भरले असतील आणि ते परत मागायचे असतील, तर इथे लोक ठेचकाळतात. दवाखाना पोस्टाने जो कागद पाठवतो त्यावर फक्त नाव, एकूण येणं आणि शेवटची तारीख असते. त्याला ते स्टेटमेंट म्हणतात. त्यावर क्लेम होत नाही. मागायचं ते 'आयटमाइज्ड बिल'. त्यात भेटीची तारीख, प्रत्येक सेवेचा पाच आकडी कोड आणि समोर वेगळी रक्कम, आजाराचा आयसीडी-१० कोड, डॉक्टरचं नाव, पत्ता आणि दवाखान्याचा टॅक्स क्रमांक एवढं हवं. उदाहरणार्थ, नव्या पेशंटच्या साध्या तपासणीला ९९२०३ आणि घसादुखीला जे०२.९. हे दोन कोड एकाच कागदावर नसतील तर तो कागद परत येणार हे गृहीत धरा. सोबत पैसे भरल्याची पावती वेगळी जोडायची. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट एकटं पुरत नाही.

आणि एकदा तपासणीला गेलं की एकच बिल येईल असं समजू नका. इमर्जन्सीत नेलं तर हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं. रक्त बाहेरच्या प्रयोगशाळेत गेलं तर तिचं वेगळं. प्रत्येकाचा क्लेम वेगळा. १ जानेवारी २०२२ पासून तिथे नियम आहे, की इमर्जन्सीत यादीबाहेरच्या डॉक्टरने पाहिलं तरी नियमित आरोग्य विम्याच्या सदस्याकडून यादीतल्या दराइतकाच वाटा घ्यायचा. रस्त्याने जाणारी अ‍ॅम्ब्युलन्स मात्र या नियमात येत नाही.

खरंच नाकारला असेल तर

काही विद्यापीठ योजनांत आधी कॅम्पसच्या आरोग्य केंद्राची चिठ्ठी लागते. ती नसेल तर बाहेरचा खर्च मिळत नाही किंवा कमी मिळतो. काही वेळा उपचार "आवश्यक नव्हता" असं लिहून येतं. अशा वेळी अपील करायचं. नाकारल्याचं पत्र मिळाल्यापासून साधारणपणे १८० दिवस मिळतात, नेमकी मुदत त्या पत्रातच छापलेली असते. अपील एका पानाचं पुरे: क्लेम नंबर, नाकारण्याचं कारण त्यांच्याच शब्दांत, तुमचं म्हणणं, आणि उपचार का लागला हे सांगणारं डॉक्टरचं पत्र. आपल्या मुलीची अडचण, फी, कर्ज यावर लिहू नका. ते कितीही खरं असलं तरी तपासणारा माणूस त्यावर निर्णय देऊ शकत नाही. तेही फेटाळलं, तर अमेरिकेच्या आरोग्य विमा कायद्याखालच्या योजनांत चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र तपासणीची मागणी करता येते, आणि तो निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पैसे मिळावेत म्हणून डॉक्टरला आजाराचा कोड बदलायला सांगू नका. कोड खरोखर चुकला असेल, तर तो दुरुस्त करून मागणं हा मुलाचा हक्क आहे. पण नसलेला आजार लिहून घेणं ही फसवणूक होते, आणि व्हिसावर असलेल्या मुलाने त्या वाटेला जाता कामा नये.

हे सगळं चालू असताना बिलाची तारीख उलटते, त्याची भीती असते. दवाखान्याला फोन करून सांगायचं, "विम्याकडे क्लेम चालू आहे, खातं थांबवून ठेवा." बहुतेक ठिकाणी ते मुदत देतात. बिल मोठं असेल आणि हॉस्पिटल ना-नफा संस्था असेल, तर त्यांच्याकडे आर्थिक मदतीचं लेखी धोरण असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याचा अर्ज मागायचा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

इथून काढलेली पॉलिसी

खर्च कमी म्हणून बरेच पालक भारतातल्या कंपनीची विद्यार्थी पॉलिसी काढून देतात. तिचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते आपल्याला इथे बसून सोडवता येतात.

पहिला प्रश्न, शून्य रकमेचा. अनेक पॉलिसींत प्रत्येक क्लेममागे ठरावीक डॉलर आपण सोसायचे असतात. ती रक्कम १०० आणि डॉक्टरचं बिल १२० असेल तर हातात येणार २०. काही पॉलिसी तर दाखल न होता घेतलेल्या उपचाराला पैसेच देत नाहीत. पॉलिसीच्या पहिल्या पानावरच्या तक्त्यात हे लिहिलेलं असतं. एजंटला विचारू नका, तक्ता वाचा.

दुसरा, जुना आजार. दमा, मायग्रेन, थायरॉइड असं काही निघालं की कंपनी विचारते, हे पॉलिसीच्या आधीपासून होतं का? त्यासाठी इथल्या डॉक्टरचे कागद मागते. आणि आपल्याकडे ते नसतात. राजापूरच्या किंवा देवगडच्या डॉक्टरांनी वीस वर्षं औषध दिलेलं असतं, पण केसपेपर हाताने लिहिलेला, तोही त्यांच्याच कपाटात. चिपळूणला जुलै २०२१ च्या पुरात अनेक घरांचे आणि दवाखान्यांचे कागदच गेले. अशा वेळी डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत दाखला घ्यायचा. त्यात पेशंटला कधीपासून ओळखतो, कुठल्या तक्रारीसाठी कधी तपासलं, जुने कागद उपलब्ध नसतील तर का नाहीत, हे सगळं हवं, खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. आजार आधीपासून असेल तर तसंच लिहायला सांगा. लपवलेला आजार नंतर सापडला तर या क्लेमबरोबर पॉलिसीही जाते. आणि खरंच नवा आजार असेल तर हाच कागद तुमचा मोठा आधार.

तिसरा, बँक. पैसे ज्याच्या नावाने पॉलिसी आहे त्याच्या खात्यात येतात. पालक स्वतःचा कॅन्सल्ड चेक जोडतात आणि क्लेम परत येतो. मुलाचं इथलं खातं चालू आहे ना, केवायसी झालेलं आहे ना, चेकवर त्याचं नाव छापलेलं आहे ना, ते आधी बघा. परदेशात शिकायला गेलेल्या मुलाचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं खातं, करून घ्यायला हवं, ते काम राहिलं असेल तर त्याच वेळी उरकून घ्या. चेकवर नाव नसेल तर पासबुकाचं पहिलं पान शाखेतून शिक्का मारून घ्या. पासपोर्टची झेरॉक्स देताना भारताबाहेर गेल्याचा शिक्का असलेलं पानही लागतं. मोबाईलवर काढलेल्या स्कॅनवर बोटाची सावली पडली, आकडा पुसट आला, एवढ्यानेही कागद परत आलेले मी पाहिलेत. पावसात वीज गेलेली असताना घाईने फोटो काढून पाठवू नका, दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात नीट स्कॅन करून घ्या.

कंपनीने नाकारलं तर आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मग विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर, किंवा १५५२५५ वर फोन. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग पुण्याच्या कार्यालयाकडे येतात. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या वादाचा निकाल ते देऊ शकतात. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. लोकपालांकडे जायला आपले लोक का कचरतात मला कळत नाही. ही सोय आपल्यासारख्यांसाठीच आहे.

बाकीचे देश, थोडक्यात

ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसासाठी ओएसएचसी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. साध्या डॉक्टरकडे गेलं तर सरकारी दरपत्रकातल्या रकमेच्या १०० टक्के मिळतात, हॉस्पिटलमध्ये दाखल न होता स्पेशालिस्टकडे गेलं तर ८५ टक्के. डॉक्टरने दरपत्रकापेक्षा जास्त घेतले तर वरचे आपले. म्हणून "थेट विम्याला बिल लावता का?" हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारायचं. पावतीवर डॉक्टरचा प्रोव्हायडर नंबर आणि सेवेचा आयटम नंबर नसेल तर क्लेम परत येतो. आधीपासूनच्या आजाराला बारा महिने थांबावं लागतं, मानसिक आजाराला दोन महिने. दात आणि चष्मा साध्या पॉलिसीत नाहीत.

जर्मनीत सरकारी विमा असेल तर कार्ड दाखवायचं, क्लेमचा प्रश्नच नाही. औषधांवर १० टक्के, पण किमान ५ आणि कमाल १० युरो आपण द्यायचे, ते परत मिळत नाहीत. अडचण खासगी विमावाल्यांची. तिथे डॉक्टर नंतर पोस्टाने बिल पाठवतो, ते आधी आपण भरायचं आणि मग कंपनीकडे मागायचं. टपालपेटीवर मुलाचं नाव लावलेलं नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, बिल परत जातं, आणि पुढे थेट स्मरणपत्र दंडासकट येतं. घर घेतल्याच्या दिवशी पेटीवर नावाची चिठ्ठी लावायला सांगा. आणि तिशीच्या आतल्या मुलाने स्वस्त पडतो म्हणून खासगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट घेतली, तर त्या शिक्षणकाळात परत फिरता येत नाही, हे सही करण्याआधी समजून घ्या.

ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड अधिभार भरलेला असतो, त्यामुळे सरकारी डॉक्टरकडे बिलच येत नाही. फक्त पोहोचल्यावर जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायला हवं, आणि मुलं नेमकं तेच आजारी पडेपर्यंत टाळतात. इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीचे आणि दातांचे पैसे लागतात, त्यांचा क्लेम होत नाही.

आता ज्यांची मुलं शिक्षण संपवून परत यायला निघालीत, त्यांच्यासाठी. अमेरिकेत परताव्याचा चेक पोस्टाने येतो, आणि साधारण सहा महिन्यांनंतर बँक तो वटवायला बांधील नसते. खातं बंद करण्याआधी मुलाने प्रत्येक भेटीचा ईओबी आलाय का ते बघावं, कंपनीकडे थेट खात्यात जमा होण्याची नोंद करावी, आणि शेवटचा क्लेम मिटेपर्यंत तिथलं खातं चालू ठेवावं. विद्यापीठाचा ईमेल पुढे बंद होतो, म्हणून विमा कंपनीकडे स्वतःचा वैयक्तिक ईमेल आणि इथला पत्ता देऊनच विमानात बसावं.